रोजचा हिशेब आणि चार वर्षांचा हिशेब

आपल्याकडे एखादे मंत्रिमंडळ डळमळू लागले, आमदारांचे जथे रातोरात परप्रांतीच्या हॉटेलांत जाऊन राहू लागले, की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते. "या कटकटीपेक्षा अमेरिकेसारखा अध्यक्ष बरा. एकदा निवडून दिला की चार वर्षे पाहायला नको!" जून २०२२ मध्ये महाराष्ट्राचे आमदार आधी सुरतेला आणि तेथून गुवाहाटीला गेले, तेव्हा हे वाक्य मी आठवडाभरात निदान दहा जणांच्या तोंडून ऐकले असेल. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक होते, एक दुधाचा धंदा करणारे गृहस्थ होते आणि आमच्या शेजारच्या आजीबाईही होत्या. आजीबाईंनी मात्र त्या वाक्याला आपली पुस्ती जोडली. त्या म्हणाल्या, "चार वर्षे पाहायला नको हे खरे, पण मधल्या काळात त्याने काही वेडेवाकडे केले, तर पाहायचे कोणी?"

घटनापंडितांनी ज्यावर जाडजाड ग्रंथ लिहिले आहेत तो प्रश्न हाच. संसदीय पद्धत आणि अध्यक्षीय पद्धत या दोन्ही लोकशाहीच्याच लेकी. इंग्लंडात लोक पंतप्रधान निवडीत नाहीत. ते आपापल्या भागाचा सभासद निवडतात. अशा सभासदांच्या बहुमताचा ज्याच्यावर विश्वास तो पंतप्रधान, आणि तो विश्वास उडाला की त्याचे आसन गेले. अमेरिकेत अध्यक्ष निराळा निवडायचा आणि काँग्रेस नावाचे विधिमंडळ निराळे निवडायचे. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची, घड्याळात किल्ली दिल्यासारखी. काँग्रेसला तो नुसता आवडेनासा झाला म्हणून त्याला घालवता येत नाही, आणि त्यालाही काँग्रेस बरखास्त करता येत नाही. महाभियोगाचे एक शस्त्र घटनेने ठेवले आहे खरे, परंतु त्या शस्त्राने आजवर एकाही अध्यक्षाला पदच्युत व्हावे लागलेले नाही.

शाळेच्या पुस्तकांत हा फरक दोन रकाने पाडून देतात. मुले तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्यात मुलांचा दोष नाही. राज्यपद्धतीची परीक्षा रकान्यांत होत नसते, संकटात होते. म्हणून मी इतिहासातील दोन प्रसंग सांगतो. एक वॉशिंग्टनचा आहे, दुसरा लंडनचा. दोहोंत आठ वर्षांचेही अंतर नाही.

८ नोव्हेंबर १९३२ रोजी अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक झाली. १९२९ पासून त्या देशावर मंदीची अवकळा पसरली होती. कारखाने थंडावले होते, शेतमालाला भाव नव्हता, काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे जवळजवळ एक माणूस रिकामा होता. लोकांनी आपला राग मतपेटीत ओतला. अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांना ४८ पैकी अवघी ६ राज्ये मिळाली. बाकीची ४२ फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पदरात पडली. इतका स्वच्छ कौल क्वचितच मिळतो. आता नवा माणूस येणार आणि काहीतरी करणार, असे कोणालाही वाटेल. पण नवा माणूस येणार होता ४ मार्चला! आपल्या हिशेबाने सांगायचे तर दिवाळी नुकतीच होऊन गेल्यावर निवडलेला कारभारी होळीच्या तोंडावर गादीवर बसणार होता. ही तारीख पडली होती अठराव्या शतकात, जेव्हा निवडून आलेल्या माणसाला घोडागाडीतून, चिखल तुडवीत राजधानी गाठावी लागे. आगगाड्या आल्या, तारायंत्र आले, टेलिफोन आला. तारीख तिथेच राहिली.

या चार महिन्यांत जे झाले ते वाचताना आजही जीव कासावीस होतो. हूव्हर यांच्या हाती सत्ता होती, पण त्यांचे कोणी ऐकेना. रूझवेल्ट यांचे सारा देश ऐकायला तयार होता, पण त्यांच्या हाती सत्ता नव्हती. हूव्हर यांना वाटे, दोघांनी मिळून काही जाहीर करावे म्हणजे लोकांचा धीर सुटणार नाही. रूझवेल्ट यांना वाटे, जे धोरण लोकांनी झिडकारले त्याचे ओझे मी सत्तेवर येण्याआधीच खांद्यावर का घ्यावे? दोघांचेही आपापल्या परीने बरोबरच होते, आणि मोठी अडचण तीच होती. फेब्रुवारीच्या मध्यास मिशिगन राज्याच्या गव्हर्नरने राज्यातील सगळ्या बँका बंद केल्या. ते पाहून शेजारच्या राज्यांतील लोक आपापल्या बँकांच्या दारांत रांगा लावून उभे राहिले. हूव्हर यांनी स्वहस्ते पत्र लिहून भावी अध्यक्षांना विनविले. त्या पत्राचे उत्तर येईपर्यंत आणखी दिवस गेले. अशातच १५ फेब्रुवारीला मायामी शहरात रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, त्यांच्याजवळ असलेले शिकागोचे नगराध्यक्ष सेर्माक यांना गोळी लागली आणि पुढे ते दगावले. ४ मार्चची पहाट उजाडण्यापूर्वी न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांनीही आपल्या बँका बंद केल्या. नवे अध्यक्ष शपथ घेत होते तेव्हा देशातील बहुतेक राज्यांत बँकांची दारे एकतर लागलेली होती किंवा अर्धवट किलकिली होती. दोन दिवसांनी, ६ मार्चला, रूझवेल्ट यांनी सगळ्याच बँकांना सक्तीची सुट्टी दिली आणि मग हळूहळू गाडी रुळावर येऊ लागली.

गंमत अशी की, ही चार महिन्यांची पोकळी भरून काढणारी घटनादुरुस्ती त्याच हिवाळ्यात, २३ जानेवारी १९३३ रोजी मंजूर झाली होती. परंतु ती लागू व्हायची होती पुढच्या वेळेपासून. म्हणून १९३७ पासून अमेरिकेचा अध्यक्ष २० जानेवारीला शपथ घेतो. घर जळून गेल्यावर विहीर खणली असे म्हणवत नाही, कारण विहीर आधीच खणायला घेतली होती. पाणी तेवढे उशिरा लागले.

आता लंडनला येऊ. मे १९४० चा पहिला आठवडा. हिटलरने नॉर्वे घेतला होता आणि तेथे उतरविलेले ब्रिटिश सैन्य नामुष्की पत्करून माघारी येत होते. पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांच्या पाठीशी पार्लमेंटात दोनशेहून अधिक मतांचे आधिक्य होते. कागदावर पाहिले तर त्यांच्याइतका सुरक्षित पंतप्रधान शोधून सापडला नसता. ७ आणि ८ मे या दोन दिवशी नॉर्वेच्या मोहिमेवर चर्चा झाली. सर रॉजर कीज हे वृद्ध आरमारी सेनानी मुद्दाम आपला संपूर्ण गणवेश चढवून सभागृहात आले आणि आरमाराला लढू दिले नाही म्हणून कडाडले. त्याच दिवशी लिओपोल्ड एमरी बोलायला उठले. हे एमरी आपल्या ओळखीचे आहेत. पुढे १९४५ पर्यंत तेच भारतमंत्री होते आणि 'चले जाव'च्या काळात आपल्या पुढाऱ्यांनी त्यांच्या नावाने पुष्कळ बोटे मोडली. त्यांचा जन्म गोरखपूरचा, हेही जाता जाता सांगून ठेवतो. एमरी चेंबरलेन यांच्याच हुजूर पक्षाचे, त्यांच्याच बर्मिंगहॅम शहराचे. पण त्या संध्याकाळी त्यांनी तीन शतकांपूर्वी क्रॉमवेलने पार्लमेंटला हाकलून देताना काढलेले उद्गार आपल्या पंतप्रधानाला उद्देशून ऐकविले. पुष्कळ दिवस बसलात, आता निघा, असा त्यांचा आशय.

दुसऱ्या दिवशी मतदान झाले. सरकारच्या बाजूने २८१, विरुद्ध २००. म्हणजे चेंबरलेन जिंकले! ८१ मतांचे आधिक्य आपल्याकडच्या कोणत्याही मुख्यमंत्र्याने पेढे वाटून साजरे केले असते. परंतु सरकारपक्षाच्या सुमारे चाळीस सभासदांनी उघड विरोधात मत दिले होते, आणि त्याहून अधिक सभासद मत न देता बसून राहिले होते. त्यांच्यात सैन्याच्या गणवेशातले तरुण होते. जिंकलेला पंतप्रधान सभागृहातून मान खाली घालून गेला. मजूर पक्षाने कळविले की या गृहस्थांच्या हाताखाली आम्ही राष्ट्रीय सरकारात येणार नाही. १० मे रोजी पहाटे जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसल्या आणि त्याच संध्याकाळी विन्स्टन चर्चिल पंतप्रधान झाले. नॉर्वेच्या मोहिमेत आरमारमंत्री म्हणून ज्यांचा वाटा मोठा होता, आणि चर्चेच्या शेवटी सरकारची बाजू ज्यांनी लढविली, तेच हे चर्चिल. इतिहासाला थट्टेची अशी हौस असते. ते काही असो. चर्चा सुरू झाल्यापासून चार दिवसांच्या आत, शत्रू दाराशी असताना, निवडणूक न घेता, एक गोळी न झाडता देशाने आपला नायक बदलला. गेलेला नायक नव्या मंत्रिमंडळात साधा मंत्री म्हणून बसला आणि शरद ऋतूपर्यंत निष्ठेने काम करीत राहिला.

दोन प्रसंग शेजारी ठेवले की संसदीय पद्धतीचा विजय झाला असे वाटेल. पण इतक्या घाईने निकाल देणारा न्यायाधीश वरच्या कोर्टात टिकत नाही. ज्या लवचिकपणाने इंग्लंडला तारले, त्याच लवचिकपणाने फ्रान्सला बुडविले. महायुद्धानंतर तेथे चौथे प्रजासत्ताक आले आणि बारा वर्षांत वीसहून अधिक मंत्रिमंडळे आली नि गेली. मे १९५८ मध्ये अल्जीरियात लष्कर आणि गोरे वसाहतवाले बिथरले, तेव्हा पॅरिसमध्ये त्यांना आवरील असे सरकारच नव्हते. शेवटी जनरल द गॉल यांना बोलावून आणावे लागले. त्यांनी बलिष्ठ अध्यक्षाची घटना करून घेतली, आणि १९६२ मध्ये तो अध्यक्ष लोकांनी थेट निवडावा असा कौलही लोकांकडून घेतला. ते पाचवे प्रजासत्ताक आजही चालू आहे. तेव्हा पद्धत चांगली की वाईट हे पद्धतीला विचारून कळत नाही. तिच्याखाली कोणते पक्ष आणि कोणती माणसे आहेत, हेही पाहावे लागते.

हा सगळा इतिहास ज्यांनी कोळून प्यायला होता असे एक गृहस्थ आपल्या घटना समितीत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि नंतर लंडनमध्ये शिकले. म्हणजे दोन्ही पद्धती त्यांनी उंबरठ्याच्या आत जाऊन पाहिल्या होत्या. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी घटनेचा मसुदा समितीपुढे मांडला. त्या दिवसाच्या भाषणात त्यांनी या वादाचा जो उलगडा केला, तो मला आजवर वाचलेल्या सर्व उलगड्यांत सरळ वाटतो. लोकशाहीतल्या कारभाऱ्याच्या अंगी दोन गुण हवेत, असे त्यांनी सांगितले. तो टिकाऊ असला पाहिजे आणि तो जबाबदार असला पाहिजे. दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देईल अशी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत टिकाऊपणा जास्त, जबाबदारी कमी. इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी जास्त, टिकाऊपणा कमी. अमेरिकेत कारभाऱ्याचा हिशेब ठरावीक मुदतीने, मतदार घेतात. इंग्लंडात तो मुदतीने तर घेतला जातोच, पण शिवाय रोजच्या रोज घेतला जातो. सभासद प्रश्न विचारतात, तहकुबी सूचना आणतात, अविश्वासाचे ठराव आणतात. आपल्या देशाला रोजचा हिशेब अधिक गरजेचा आहे, म्हणून मसुद्याने टिकाऊपणापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली, असे त्यांनी उघड सांगितले. किंमत ठाऊक असताना केलेली ही खरेदी होती.

बाबासाहेबांच्या चाहत्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते असे काही येथे सांगितले पाहिजे. अवघ्या दीड वर्षापूर्वी, १९४७ च्या आरंभी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'राज्ये आणि अल्पसंख्य' या आशयाचे जे निवेदन तयार केले होते, त्यात त्यांनी इंग्लिश पद्धतीचे मंत्रिमंडळ नाकारले होते! विधिमंडळाच्या मुदतीपर्यंत हटविता न येणारा कारभारी त्यांनी मागितला होता. पंतप्रधान साऱ्या सभागृहाने निवडावा आणि अल्पसंख्य समाजांचे मंत्री त्या त्या समाजाच्या सभासदांनी निवडावेत, असे सुचविले होते. त्यांचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंग्लंडात आजचा बहुमतवाला उद्या अल्पमतात जातो, कारण तिथले बहुमत मतांचे असते. हिंदुस्थानातले बहुमत जन्माचे. ते कूस बदलत नाही. अशा कायमच्या बहुमताच्या हातात सगळे मंत्रिमंडळ दिले, तर अस्पृश्यांनी दाद कोणाकडे मागायची? पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ते घटना समितीच्या निर्णयाचे वकील झाले. संसदीय पद्धतीचा निर्णय समितीने १९४७ च्या उन्हाळ्यातच घेऊन टाकला होता आणि त्यामागे नेहरू-पटेल यांचे वजन होते. मला वाटते, १९४८ चे ते भाषण इतके समतोल झाले याचे कारण हेच असावे. दुसरी बाजू त्यांनी पुस्तकातून उचललेली नव्हती. ती त्यांची स्वतःची होती, आणि १९४७ चा त्यांचा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही.

घटना समितीत अध्यक्षीय पद्धतीची बाजू नेटाने लढविली ती प्राध्यापक के. टी. शहा यांनी. मुंबईचे हे अर्थशास्त्रज्ञ बिहारमधून निवडून आले होते. कारभारी मंडळ, विधिमंडळ आणि न्यायमंडळ ही एकमेकांपासून अगदी अलग ठेवावीत, अशा दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या त्यांनी मांडल्या आणि त्या एकामागून एक नामंजूर झाल्या. माणूस मोठा चिवट. १९५२ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी राजेंद्रप्रसाद यांच्याविरुद्ध उभे राहून दुसऱ्या क्रमांकाची मते मिळविली. ज्या पदाला खरी सत्ता द्या म्हणून ते झगडले, ते सत्ता नसलेलेच पद त्यांनी मागितले आणि तेही मिळाले नाही.

रोजचा हिशेब म्हणजे नेमके काय, हे आपल्याला पहिल्या दहा वर्षांतच पाहायला मिळाले. जुलै १९५६ मध्ये कुलाब्याचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि लोकसभेत आपल्या जागेवर उभे राहून पंतप्रधानांच्या तोंडावर त्याची कारणे सांगितली. मुंबई मराठी माणसांपासून तोडण्याचा निर्णय कसा झाला, मंत्रिमंडळाला कसे विचारले गेले नाही, गोळीबाराची चौकशी का होत नाही, हे सारे त्यांनी देशापुढे ठेवले. अमेरिकेत हे असे घडू शकत नाही. तिथला मंत्री काँग्रेसचा सभासद असूच शकत नाही. तो अध्यक्षाने नेमलेला, अध्यक्षाचा माणूस. रागावला तर घरी जाऊन पुस्तक लिहितो.

दुसरा प्रसंग मुंदडा प्रकरणाचा. आपल्या वडील मंडळींनी विम्याचे हप्ते भरले, त्या पैशातून नव्याच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या उद्योगपतीचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर विकत घेतले. १६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत फिरोज गांधी उठले आणि त्यांनी हे प्रकरण उलगडून दाखविले. हे गृहस्थ सत्ताधारी काँग्रेस पक्षाचेच, आणि नात्याने पंतप्रधानांचे जावई. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्याकडे गेली. त्यांनी ती मुंबईत उघड्यावर चालविली. इतकी गर्दी लोटली की बाहेरच्यांना ऐकू जावे म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला. प्रश्न विचारल्यापासून मंत्री जाईपर्यंत दोन महिन्यांहून थोडे अधिक दिवस लागले. कृष्णमाचारी पुढे मंत्रिमंडळात परत आले ही गोष्ट वेगळी.

हे वाचून अमेरिकेला नावे ठेवायला कोणी सरसावेल, म्हणून तिकडचीही एक गोष्ट सांगतो. जून १९७२ मध्ये वॉटरगेट इमारतीत चोर शिरले. त्यांचा माग काढता काढता अध्यक्ष निक्सन यांचा राजीनामा यायला ऑगस्ट १९७४ उजाडला. सव्वीस महिने! मधल्या निवडणुकीत ते ५० पैकी ४९ राज्ये जिंकून बसले होते. पण अखेरीस त्यांचे पाय कोणी ओढले? काँग्रेसच्या समित्यांनी, न्यायालयांनी, वृत्तपत्रांनी, आणि शेवटचा धक्का दिला तो त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या सभासदांनी. मतदानाला उभे राहिलात तर आमची मते तुम्हांला मिळणार नाहीत, असे त्यांनी जाऊन सांगितले. तिथल्या सभासदाने अध्यक्षाविरुद्ध मत दिले म्हणून त्याची जागा जात नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्याकडे अध्यक्षीय पद्धतीची मागणी पहिल्यांदा गंभीरपणे पुढे आली ती नेमक्या अशा काळी, जेव्हा कोणी काही विचारू शकत नव्हते. १९७५ च्या आणीबाणीत घटनेकडे नव्याने पाहू या, असे म्हणणारा एक निनावी मसुदा दिल्लीत फिरू लागला. त्यातला अध्यक्ष अमेरिकेच्या अध्यक्षाहून बलवान होता. न्यायाधीशांवरही त्याची छाया पडावी अशी तजवीज होती. त्या मसुद्यामागे बॅ. अंतुले होते असे पुढे बोलले गेले. १९७६ मध्ये स्वर्णसिंग समितीने मात्र संसदीय पद्धतच देशाला योग्य असा निर्वाळा दिला आणि तो विषय तिथे थांबला. नंतर आपल्या वसंतराव साठ्यांनी तो पुष्कळ वर्षे लावून धरला, आणि तो धरला तो उघडपणे, सभांतून आणि लेखांतून. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येत असे. मला अध्यक्षीय पद्धतीचे भय वाटत नाही. अध्यक्षाला अडविणारे सगळे खिळे आधी उपटून मग त्याला अमेरिकन पद्धत म्हणायचे, याचे भय वाटते.

आणि ज्याची किंमत बाबासाहेबांनी आधीच सांगून ठेवली होती, तो अस्थिरपणाही आपण पुरेपूर भोगला. १९७९ मध्ये चरणसिंग पंतप्रधान झाले आणि लोकसभेला एकदाही सामोरे न जाता त्यांनी राजीनामा दिला. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा चार वर्षांत तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. त्या दिवशी मी रेडिओपाशी बसून ते आकडे कागदावर लिहून घेतले होते. एका मताने सरकार पडते हे पाहून पुष्कळांना लाज वाटली. मला उलट बरे वाटले. पराभूत पंतप्रधान उठून राष्ट्रपतींकडे गेले. एका मतालाही तेथे किंमत होती.

खरी मेख वेगळीच आहे, आणि ती १९८५ ची. १९६७ नंतर आपल्याकडे 'आयाराम गयाराम' यांचा सुकाळ झाला होता. त्याला आळा घालण्यासाठी घटनेची ५२ वी दुरुस्ती झाली आणि तिने दहावे परिशिष्ट जोडले. पक्ष सोडला तर सभासदत्व गेले. पण तेवढ्यावर न थांबता, पक्षाच्या प्रतोदाचा आदेश मोडून मत दिले आणि पक्षाने क्षमा केली नाही, तरीही सभासदत्व गेले. मागे पक्षाच्या एकतृतीयांश सभासदांनी फुटून निघायची एक वाट होती. २००३ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. हेतू चांगला होता. परंतु आता १९४० च्या त्या सभागृहाकडे हा कायदा हातात घेऊन जा. एमरी, कीज, गणवेशातले ते तरुण, सरकारविरुद्ध मत देणारे ते चाळीस जण आपल्या कायद्याखाली असते, तर दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या बाहेर असते. मग चेंबरलेन यांच्यापुढे मान खाली घालण्याचे कारणच उरले नसते, आणि १० मेला इंग्लंडचा पंतप्रधान कोण असता याचा विचारच करवत नाही.

घाऊक फुटणाऱ्यांना तो कायदा अडवू शकला नाही हे गुवाहाटीच्या हॉटेलाने दाखवून दिले. अडला तो एकटा, सदसद्विवेकाने उठून उभा राहू पाहणारा सभासद. म्हणजे अस्थिरपणाची किंमत आपण भरतच आहोत, आणि जिच्यासाठी ती भरायची ती रोजच्या हिशेबाची वही मात्र मिटत चालली आहे. अमेरिकेचा अध्यक्ष मागणाऱ्या माझ्या मित्रांना मी म्हणतो, जरूर मागा. पण त्याबरोबर अमेरिकेचा सभासदही मागा, जो अध्यक्षाच्या पक्षाचा असून त्याच्याविरुद्ध हात वर करू शकतो.

हा वाद दिल्ली-वॉशिंग्टनचा आहे, आपला नाही, असे कोणी समजू नये. तो आपल्या गावच्या चावडीत येऊन बसला आहे. पूर्वी महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे सदस्य आपल्यातून सरपंच निवडीत. ही संसदीय रीत. २०१७ मध्ये सरपंच गावकऱ्यांनीच थेट निवडावा असे ठरले. ही अध्यक्षीय रीत झाली. २०१९ मध्ये सरकार बदलले आणि २०२० मध्ये जुनी रीत परत आली. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले आणि थेट सरपंच पुन्हा आला. दोन्ही रीतींचे गुणदोष गावकऱ्यांना कोणत्याही प्राध्यापकापेक्षा अधिक ठाऊक आहेत. जुन्या रीतीत अविश्वासाचा ठराव आला की सदस्य एकाएकी देवदर्शनाला निघत आणि मतदानाच्या दिवशी जीपगाडीतून उतरत. नव्या रीतीत सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्य दुसऱ्या पॅनेलचे, असे झाले की गटाराचे कामही महिनोन्महिने अडून राहते. थेट निवडलेल्या सरपंचाला घालवायचे तर नुसत्या सदस्यांच्या ठरावाने भागत नाही. प्रकरण ग्रामसभेपुढे न्यावे लागते, कारण ज्यांनी निवडले त्यांनीच काढावे.

त्या ग्रामसभेचे दिवसही रुळून गेलेले आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. सरपंच कोणत्याही रीतीने आलेला असो, त्या दिवशी जमाखर्च घेऊन त्याला गावापुढे बसावे लागते, आणि नळाला पाणी का नाही हे एखादी सासुरवाशीणही उठून विचारू शकते. प्रतोदाचा आदेश तिला लागू नाही. पुष्कळ गावांत ही सभा गणपूर्ती न झाल्यामुळे तहकूब होते.